ग्वाटेमाला : ज्वालामुखींच्या छायेतील नगरे

मेक्सिकोच्या दक्षिण सीमेला लागून असलेला ग्वाटेमाला हा देश आकाराने महाराष्ट्राच्या सुमारे एकतृतीयांश आहे. एवढ्या लहानशा भूमीवर सदतीसच्या आसपास ज्वालामुखी उभे आहेत. त्यांपैकी फुएगो, पाकाया आणि सान्तियागितो हे तिघे गेली अनेक दशके वारंवार जागे होत आले आहेत. या देशाची जुनी राजधानी, आजची राजधानी, दुसऱ्या क्रमांकाचे महत्त्वाचे शहर आणि सर्वांत विख्यात सरोवर ही सारी स्थळे याच ज्वालामुखींच्या पायथ्याशी वसलेली आहेत. येथील नगरांचा इतिहास सांगायचा तर आधी येथील डोंगरांचा इतिहास सांगावा लागतो.

पर्वतरांगेचा जन्म

ग्वाटेमालाच्या उत्तरेस पेतेनचे चुनखडीचे सखल अरण्य आहे. तिकाल हे माया संस्कृतीचे प्राचीन नगर तेथेच आहे. दक्षिणेस पॅसिफिक महासागराची उष्ण, सुपीक किनारपट्टी आहे. या दोहोंच्या मध्ये उंच पठारी प्रदेश असून त्याच्या दक्षिण कडेवर ज्वालामुखींची रांग पश्चिमेस मेक्सिकोच्या सीमेपासून पूर्वेस एल साल्वादोरपर्यंत गेलेली आहे. पश्चिम टोकाजवळचा ताहुमुल्को हा ४,२०० मीटरहून अधिक उंचीचा डोंगर संपूर्ण मध्य अमेरिकेतील सर्वोच्च शिखर होय.

या रांगेचे कारण समुद्राखाली आहे. पॅसिफिकच्या तळाचा ‘कोकोस’ नावाचा भूपट्ट ईशान्येकडे सरकत कॅरिबियन भूपट्टाच्या खाली शिरतो. खोल गेल्यावर त्यातील पाणी बाहेर पडते आणि त्या पाण्यामुळे वरच्या थरातील खडकांचा वितळणबिंदू खाली येतो. असा तयार झालेला शिलारस वर चढतो व किनाऱ्याला समांतर अशी ज्वालामुखींची माळ उभी राहते. भूपट्टांच्या याच घर्षणामुळे या प्रदेशाला भूकंपांचा शापही लाभला आहे.

सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाशी परिचित असलेल्या वाचकाला येथे एक फरक ध्यानात घ्यावा लागेल. दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहिलेल्या पातळ लाव्हारसाचे थर साचून बनले. तो अध्याय केव्हाच संपला आहे. ग्वाटेमालातील शिलारस तुलनेने चिकट आणि वायूंनी भरलेला आहे. त्यामुळे तो वाहण्यापेक्षा अनेकदा स्फोटाने बाहेर पडतो, आणि हा अध्याय अद्याप चालू आहे.

चार जागा बदललेली राजधानी

स्पॅनिश सेनानी पेद्रो दे आल्वारादो याने १५२४ मध्ये काक्चिकेल माया लोकांच्या इशिम्चे या नगरात पहिली राजधानी स्थापन केली. सोन्याच्या खंडणीचा जाच असह्य होऊन काक्चिकेल लोकांनी बंड केले आणि स्पॅनिशांना ते स्थान सोडावे लागले. १५२७ मध्ये आग्वा ज्वालामुखीच्या पायथ्याशी आल्मोलोंगाच्या खोऱ्यात दुसरी राजधानी वसवण्यात आली. आज तिला ‘सियुदाद व्येहा’ म्हणजे ‘जुने शहर’ म्हणतात.

१५४१ च्या जुलैमध्ये आल्वारादोचा मेक्सिकोत मृत्यू झाला. त्याची विधवा दोन्या बेआत्रिस दे ला क्वेवा हिने सप्टेंबरात राज्यपालपदाची सूत्रे स्वीकारली आणि स्वाक्षरी करताना स्वतःच्या नावापुढे ‘अभागिनी’ हे विशेषण जोडले. त्यानंतर दोनच दिवसांत, १० सप्टेंबरच्या रात्री, मुसळधार पावसाने डोंगरावरची भिजलेली माती सुटली आणि दगड, झाडे, चिखल यांचा लोंढा झोपलेल्या शहरावर कोसळला. प्रार्थनागृहात आश्रय घेतलेली बेआत्रिस आपल्या दासींसह त्यात मृत्युमुखी पडली. डोंगरमाथ्यावरील विवरात साठलेले पाणी फुटले, असा समज त्यावेळी झाला. ‘आग्वा’ म्हणजे पाणी, हे डोंगराचे नाव त्याच घटनेचे स्मारक आहे. प्रत्यक्षात तो पावसाने ओढून आणलेला ज्वालामुखीय चिखल होता, असे आजचे भूवैज्ञानिक मानतात. ३,७६० मीटर उंचीच्या या आग्वाचा लिखित इतिहासात एकही उद्रेक नोंदलेला नाही. झोपी गेलेला ज्वालामुखीही आपल्या उतारावरील सैल राखेमुळे घातक ठरू शकतो, हा धडा येथे पहिल्यांदा मिळाला.

१५४३ मध्ये राजधानी जवळच्याच पांचोयच्या खोऱ्यात हलली. हेच आजचे ‘अँटिग्वा ग्वाटेमाला’. क्रिकेटप्रेमींना ठाऊक असलेले वेस्ट इंडीजमधील अँटिग्वा बेट ते निराळे. येथे ‘अँटिग्वा’चा अर्थ ‘प्राचीन’ एवढाच. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ हे शहर मध्य अमेरिकेतील स्पॅनिश सत्तेचे केंद्र होते. काटकोनात छेदणारे फरसबंद रस्ते, जाड भिंतींची बुटकी घरे, मठ, चर्च आणि विद्यापीठ यांनी ते नटले. १७१७ च्या भूकंपाने त्याची मोठी हानी केली, तरी ते पुन्हा उभे राहिले. २९ जुलै १७७३ च्या भूकंपाने मात्र त्याचे भवितव्य ठरवले.

त्यानंतर जो वाद पेटला तो आजच्या पुनर्वसनाच्या वादांची आठवण करून देणारा आहे. प्रांताधिकारी मार्तिन दे मायोर्गा यांना राजधानी हलवायची होती. आर्चबिशप पेद्रो कोर्तेस इ लार्रास यांचा त्याला कडवा विरोध होता. अखेर राजाज्ञेने स्थलांतर ठरले आणि १७७६ मध्ये एर्मिताच्या खोऱ्यात नवी राजधानी, आजचे ग्वाटेमाला शहर, सुरू झाली. कारागिरांना आणि व्यापाऱ्यांना सक्तीने हलवण्यात आले. पण काही रहिवासी पडक्या भिंतींच्या आडोशाने तेथेच राहिले. त्यांच्या हट्टामुळे आणि पुढे कॉफीच्या उत्पन्नामुळे गाव टिकले. पैशाअभावी जुन्या इमारतींच्या जागी नव्या उभ्या राहिल्या नाहीत, हेच पुढे वरदान ठरले. १९७९ मध्ये युनेस्कोने अँटिग्वाला जागतिक वारसा स्थळांत स्थान दिले.

सान्ता कातालिना मठाची पिवळी कमान आणि तिच्या चौकटीत दिसणारा आग्वा हे या शहराचे सर्वपरिचित दृश्य होय. ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहात येथील रस्त्यांवर रंगीत लाकडी भुसा, फुले आणि पाईनच्या पानांचे गालिचे घातले जातात. आपल्याकडील पालखीमार्गावरील रांगोळ्यांप्रमाणे तेही मिरवणुकीच्या पावलांखाली पुसले जाण्यासाठीच असतात.

फुएगो : धुमसता शेजारी

अँटिग्वाच्या नैर्ऋत्येस दोन जोडशिखरे दिसतात. अकातेनांगो (३,९७६ मीटर) शांत आहे. फुएगो (३,७६३ मीटर) नावाप्रमाणे अग्नीच. काक्चिकेल लोक त्याला ‘ची काक’, म्हणजे ‘जेथे अग्नी आहे ते ठिकाण’ असे म्हणत. स्पॅनिशांच्या आगमनापासून त्याचे अनेक उद्रेक नोंदले गेले असून २००२ पासून त्याची सक्रियता दीर्घकाळ टिकली आहे. अकातेनांगोच्या खांद्यावर तंबू ठोकून रात्री फुएगोतून उडणारे तांबडे निखारे पाहणे, हा गेल्या काही वर्षांत पर्यटकांचा आवडता कार्यक्रम झाला आहे.

पण डोंगराच्या दुसऱ्या बाजूला राहणाऱ्यांना हे दृश्य वेगळे दिसते. ३ जून २०१८ रोजी, रविवारी, सकाळपासून फुएगो नेहमीपेक्षा जोराने धुमसत होता. दुपारी तप्त राख, वायू आणि दगड यांचा दाट लोट लास लाहास या घळीतून वेगाने खाली आला, घळीचे काठ ओलांडून पसरला आणि सान मिगेल लोस लोतेस हे गाव त्याने पुरते गाडून टाकले. हा लोट लाव्हारसासारखा संथ नसतो. शेकडो अंश तापमानाचा हा प्रवाह वाहनांच्या वेगाने उतरतो. तो दिसल्यावर धावणाऱ्याला तो क्वचितच वाट देतो. सरकारी आकड्यांनुसार मृतांची संख्या दोनशेच्या घरात गेली आणि त्याहून अधिक माणसे बेपत्ता राहिली. प्रत्यक्ष बळी याहून कितीतरी अधिक असल्याचे गावकरी सांगतात.

त्या दिवशी जवळच्याच एका आलिशान गोल्फ-संकुलातील पाहुण्यांना वेळेत बाहेर काढण्यात आले होते. गाव मात्र जागेवरच राहिले. इशारापत्रके आम्ही काढली होती, असे ज्वालामुखींवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे म्हणणे, तर त्यांत स्थलांतराचा नेमका निर्देश नव्हता, असे आपत्ती निवारण यंत्रणेचे उत्तर. उपकरणांनी दिलेली माहिती आणि गावात वाजणारी धोक्याची घंटा यांच्यामधली साखळी तुटली होती, हे या वादातून उघड झाले. वाचलेल्या अनेक कुटुंबांना पुढे एस्क्विन्तला येथील ‘ला दिग्निदाद’, म्हणजे ‘प्रतिष्ठा’, या वसाहतीत घरे मिळाली. पण त्यांची शेते आणि मजुरीची ठिकाणे डोंगराजवळच राहिली. मार्च आणि जून २०२५ मध्ये फुएगो पुन्हा खवळला, तेव्हा पायथ्याच्या वस्त्यांमधून शेकडो लोकांना आधीच हलवण्यात आले. २०१८ चा धडा काही प्रमाणात तरी गिरवला गेला, असे म्हणता येईल.

आतित्लान : विवरातील सरोवर

अँटिग्वाच्या पश्चिमेस, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५६० मीटर उंचीवर आतित्लान सरोवर आहे. सुमारे १३० चौरस किलोमीटर विस्तार आणि ३०० मीटरहून अधिक खोली असलेले हे मध्य अमेरिकेतील सर्वांत खोल सरोवर मानले जाते. आपल्या लोणारचे सरोवर उल्कापाताच्या आघातातून जन्मले. आतित्लानचा जन्म मात्र पोटातूनच झाला. सुमारे ७५ ते ८४ हजार वर्षांपूर्वी ‘लोस चोकोयोस’ या नावाने ओळखला जाणारा प्रचंड उद्रेक झाला. भूगर्भातील शिलारसाचे कोठार रिकामे होताच वरचे छत खचले आणि अवाढव्य खळगा तयार झाला. तोच पुढे पाण्याने भरला. त्याच्या दक्षिण काठावर सान पेद्रो, तोलिमान आणि आतित्लान हे तीन ज्वालामुखी नंतर उभे राहिले.

सरोवराकाठी डझनभर गावे आहेत. उत्तरेकडील पानाहाचेल हे पर्यटकांचे मुख्य ठाणे. दक्षिणेकडील सान्तियागो आतित्लान हे त्सुतुहील माया लोकांचे सर्वांत मोठे गाव. पूर्व व उत्तर काठावर काक्चिकेल भाषा चालते, तर नैर्ऋत्येस त्सुतुहील. सान हुआन ला लागुना येथील विणकर स्त्रियांच्या सहकारी संस्था वनस्पतिजन्य रंगांनी सूत रंगवतात. स्त्रियांच्या ‘विपिल’ या पोलक्यावरील नक्षीवरून ती कोणत्या गावची, हे जाणकार आजही ओळखू शकतो.

या सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही. पाणी बाष्पीभवनाने आणि तळातील भेगांतून झिरपून जाते. त्यामुळे पातळी सतत बदलते. ४ फेब्रुवारी १९७६ च्या भूकंपात देशात सुमारे २३ हजार माणसे दगावली आणि त्यानंतर सरोवराची पातळीही झपाट्याने उतरली. उलट अलीकडच्या काळात पाणी चढून काठावरची घरे बुडाली. हा प्रकार नवा नाही. सामाबाह नावाची सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची माया वस्ती आज पाण्याखाली आहे. १९९० च्या दशकात एका पाणबुड्याला तिचे अवशेष सापडले.

माणसाने केलेला बदल त्याहून अधिक घातक ठरला. मासेमारीच्या हौशी पर्यटकांसाठी १९५८ मध्ये सरोवरात ब्लॅक बास हा परका मासा सोडण्यात आला. त्याने स्थानिक मासे आणि खेकडे फस्त केले. याच सरोवरात आढळणारा ‘पोक’ नावाचा उडू न शकणारा पाणपक्षी १९८० च्या दशकाअखेर जगातून नाहीसा झाला. सांडपाणी आणि खतांमुळे २००९ मध्ये सरोवराचा मोठा भाग शेवाळसदृश जिवाणूंनी हिरवा झाला. बाहेर वाट नसलेल्या पाण्यात जे मिसळते ते सहसा तेथेच राहते.

सान्तियागो आतित्लानच्या स्मृतीत दोन तारखा कोरलेल्या आहेत. देशात १९६० ते १९९६ पर्यंत यादवी युद्ध चालले. २ डिसेंबर १९९० रोजी लष्कराने निःशस्त्र गावकऱ्यांवर गोळीबार करून डझनाहून अधिक जणांना ठार केले. गावाने एकमुखाने मागणी करून लष्करी तळ हटवायला लावला. दुसरी तारीख ५ ऑक्टोबर २००५. ‘स्टॅन’ चक्रीवादळाच्या पावसाने ज्वालामुखीचा उतार सुटला आणि शेजारची पानाबाह ही वस्ती चिखलाखाली गेली. शेकडो देह बाहेर काढणे अशक्य झाले, तेव्हा ती जागाच सामुदायिक दफनभूमी म्हणून घोषित करण्यात आली. १५४१ मध्ये सियुदाद व्येहाला गाडणारे कारण येथेही तेच होते.

केत्साल्तेनांगो आणि सान्ता मारिया

पश्चिमेकडील उंच पठारावर, सुमारे २,३३० मीटरवर, केत्साल्तेनांगो हे शहर आहे. स्थानिक लोक त्याला ‘शेला’ या जुन्या माया नावाने हाक मारतात. किचे आणि माम भाषिकांचा हा प्रदेश. जवळच्या आल्मोलोंगा आणि सुनील या खोऱ्यांत ज्वालामुखीय मातीवर भाजीपाला पिकतो. सुनीलजवळ भूगर्भातील वाफेवर वीजही निर्माण होते, आणि ‘फुएन्तेस हेओर्हिनास’ येथील गरम पाण्याचे झरे पर्यटकांना आकर्षित करतात.

शहराच्या दक्षिणेस ३,७७२ मीटर उंचीचा सान्ता मारिया हा सुबक शंकू आहे. १९०२ पूर्वी त्याच्या उद्रेकाची कोणतीही नोंद नव्हती. त्या वर्षी जानेवारीपासून धक्के बसू लागले आणि एप्रिलमधील मोठ्या भूकंपाने केत्साल्तेनांगो उद्ध्वस्त झाले. पण हा डोंगराचा इशारा असेल, असे कोणाच्या मनात आले नाही. २४ ऑक्टोबर १९०२ रोजी डोंगराची नैर्ऋत्य बाजू फुटली. विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांत त्याची गणना होते. किमान पाच हजार माणसे मेली आणि त्यानंतरच्या हिवतापाच्या साथीने आणखी बळी घेतले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कॅरिबियनमधील मार्तिनिक बेटावर मॉन्ट पेलेने सेंट पिएर हे शहर बेचिराख केले होते.

त्या उद्रेकाने पडलेल्या विवरात १९२२ पासून सान्तियागितो हा नवा ज्वालामुखी वाढतो आहे. सान्ता मारियाच्या माथ्यावरून खाली पाहिल्यास त्याचे राखेचे फवारे वरून दिसतात. मात्र त्याची राख पावसाबरोबर नद्यांत उतरते आणि पात्रे भरून टाकते. १९८० च्या दशकात एल पाल्मार हे गाव अशाच चिखलाच्या लोंढ्यांनी दुभंगले. गावकऱ्यांनी दुसरीकडे नवे पाल्मार वसवले. जुन्या चर्चचे दोन भाग आजही त्या घळीच्या काठी पाहायला मिळतात.

राखेवर उभी राजधानी

आजच्या ग्वाटेमाला शहराला स्थलांतराने पूर्ण अभय दिले, असे म्हणता येत नाही. १९१७-१८ च्या भूकंपांनी ते कोसळले. त्याच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर २,५५२ मीटर उंचीचा पाकाया आहे. २७ मे २०१० च्या उद्रेकात एका दूरचित्रवाणी वार्ताहराचा मृत्यू झाला आणि राजधानीवर पडलेल्या राखेमुळे विमानतळ बंद ठेवावा लागला. दोनच दिवसांत ‘अगाथा’ हे वादळ येऊन थडकले आणि राखेने गटारे तुंबलेल्या शहरावर पाऊस कोसळला. भर वस्तीत सुमारे वीस मीटर रुंदीचा, अनेक मजले खोल असा उभा खड्डा पडला आणि एक इमारत त्यात गडप झाली. हे शहर प्राचीन उद्रेकांतील सैल राख आणि सच्छिद्र दगडांच्या जाड थरावर उभे आहे. गळक्या सांडपाणी वाहिन्यांनी तो थर आतून पोखरला, असे निदान भूवैज्ञानिकांनी केले.

तरीही माणसे का राहतात?

याचे उत्तर मातीत आहे. राखेचा थर कुजून खनिजांनी समृद्ध, पाणी धरून ठेवणारी जमीन तयार होते. मका आणि घेवड्याचे एकत्र पीक माया शेतकरी शतकानुशतके या उतारांवर घेत आला आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच उतारांवर कॉफी आली आणि अँटिग्वाच्या कॉफीला जगभर लौकिक मिळाला. मात्र कॉफीसाठी माया गावांच्या सामाईक जमिनी मोठ्या प्रमाणावर मळेवाल्यांकडे गेल्या. सपाट, सुरक्षित जमीन मळ्यांना मिळाली आणि घळींच्या काठची जागा मजुरांच्या वाट्याला आली. लोस लोतेसची वस्तीही अशाच मळ्यांच्या परिसरातली होती. डोंगर कोठे कोसळेल हे निसर्ग ठरवतो. त्याच्या वाटेत कोणाचे घर असेल, हे मात्र बऱ्याच अंशी जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे यावर ठरते.

भारताशी या देशाचा एक धागा स्वयंपाकघरातून जुळतो. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण भारतातील वेलदोडा ग्वाटेमालात नेण्यात आला आणि आज तो देश जगातील प्रमुख वेलदोडा निर्यातदारांत अग्रभागी आहे. ही लागवड ज्वालामुखींच्या रांगेत नव्हे, तर उत्तरेकडील आल्ता वेरापासच्या दमट डोंगरांत होते.

येथे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम सोयीचा. फुएगो किंवा पाकाया परिसरात जाण्यापूर्वी त्या दिवसाचे सरकारी निवेदन पाहणे आणि स्थानिक वाटाड्या सोबत घेणे आवश्यक आहे. अँटिग्वाहून एस्क्विन्तलाकडे जाणारा रस्ता लास लाहासची घळ ओलांडतो. पर्यटकांची वाहने तेथून भराभर निघून जातात. त्या घळीच्या काठी, राखेखाली, लोस लोतेसची माणसे अजून आहेत, एवढे त्या वळणावर आठवावे.